डबीतला मका

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांचं निम्मं आयुष्य सिनेमागृहांत गेलं आणि त्यांनी एकही सिनेमा पुरा पाहिला नाही. ते जायचे सकाळी, खुर्च्या रिकाम्या असताना. सगळे दिवे लागलेले, झाडणारी बाई एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकतेय, पडदा नुसताच पांढरा. दाजी बाहेरच्या दालनात, पॉपकॉर्नच्या यंत्रात मान घालून बसलेले. यंत्र चालू झालं, लोक यायला लागले, की पिशवी खांद्याला लावून मागच्या दाराने बाहेर. कुणी एखाद्या सिनेमाचा शेवट सांगायला लागलं की म्हणायचे, "मला सुरुवात माहीत नाही, तुम्ही शेवट कुठे सांगता?"

पॉपकॉर्नची यंत्रं दुरुस्त करणं हेच त्यांचं काम. एक छोटी कंपनी ती यंत्रं विकायची, आणि विकलेली यंत्रं दाजी चालती ठेवायचे. सिनेमागृहं, बागेतली दुकानं, स्केटिंगचं मैदान, पोहण्याच्या तलावाचं उपाहारगृह. जिथे माणसं मजा करायला जातात तिथे हे जायचे, पण मजा सुरू व्हायच्या आधी.

त्यांच्या पिशवीत हत्यारांबरोबर चहापत्तीची एक जुनी डबी असे. तिच्यात मक्याचे दाणे. यंत्र उघडून, कॉइल तपासून, तारा घट्ट करून झाल्या की शेवटी ते स्वतःच्या डबीतला मका त्या भांड्यात टाकायचे आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. आधी एखादाच दाणा फुटतो, चोरासारखा. मग दोन-चार. मग एकदम सर कोसळल्यासारखा आवाज, आणि मग विरळ, विरळ, शांत. त्या आवाजावरून ते सांगायचे की भांडं बरोबर तापतंय की नाही. दुकानदार म्हणायचे, "अहो, आमच्याकडे पोतंभर मका आहे, तो टाका की." दाजी मान हलवायचे. "तुमचा मका म्हणजे आरोपीच्या भावाची साक्ष. खोट यंत्रात आहे की मक्यात, हे ठरवायला माझाच मका पाहिजे." सगळे त्यांना डबीवाले म्हणायचे. त्यांना ते आवडायचं, पण आवडतं असं ते दाखवायचे नाहीत.

तसे ते कमी बोलायचे. लाह्यांचा विषय निघाला तरच गाडी सुटायची. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. त्यांच्या घरी राहायला गेले की संध्याकाळी ते ओट्याजवळ उभे राहून मला समजावायचे. "धाकटे, हा दाणा हातात घे. दगड आहे की नाही? पण ह्याच्या पोटात थोडंसं पाणी आहे. देवाने आत घातलं आणि साल शिवून टाकली. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट नाही. ती आतलं सगळं पीठ मऊ करून टाकते, खिमटासारखं. आणि एका क्षणाला साल हरते. आतलं फुगून बाहेर येतं, बाहेरच्या हवेत थंड होतं आणि तसंच्या तसं थिजतं. झाली लाही."

"आणि तो फट् आवाज? साल फाटल्याचा?"

"तसं वाटतं. पण तो कोंडलेली वाफ सुटल्याचा."

ताई मागून म्हणायची, "मग ह्यांचा आवाज कधी येणार गं? ह्यांची साल फारच जाड दिसते."

दाजी हसायचे आणि पेपर उचलायचे. ती जिंकलेली असायची.

ताईला लाह्यांचं वेड होतं. तिला पॉपकॉर्न म्हणायला आवडायचं नाही, तिच्या तोंडी लाह्याच. रोज संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले, की ती छोट्या पातेल्यात चार दाणे तेलावर टाकायची आणि वर झाकण. मीठ बारीक वाटलेलं, नाहीतर ते लाहीला धरत नाही, खाली गळतं. मग पांढऱ्या वाडग्यात भरून खिडकीशी बसायची. लाह्या संपल्या की तळाशी गणंग उरतात, म्हणजे न फुटलेले दाणे. त्यांतले जे अर्धवट फुटलेले, ते ती शोधून शोधून चावायची. कडाम् कडाम् आवाज यायचा. दाजी पेपरामागून म्हणायचे, "दात जातील." ती म्हणायची, "माझे आहेत." दाजी स्वतः एकही लाही खायचे नाहीत. दिवसभर तोच वास नाकात, तेच तेल कपड्यांना. घरी आल्यावर त्यांना वरण-भात आणि शांतता हवी असे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. एक काळ त्यासाठी रडून झालं, मग दोघांनी तो विषय कपाटात ठेवून दिला. ह्यांची डबी, तिचा वाडगा, असा संसार चालला होता.

ताई गेली ती थंडीच्या सुरुवातीला, फार त्रास न होता. देवाने तेवढी दया केली. सगळे आले, सगळे गेले. मी शेवटची निघाले तेव्हा दाजी दारात उभे होते. म्हणाले, "नीट जा." दार लावल्यावर मी क्षणभर बाहेरच थांबले, आतून काहीच आवाज आला नाही. बंद दारामागे माणूस निदान दोन पावलं चालतो. ते बहुधा तिथेच उभे राहिले असावेत.

मी दर रविवारी जायला लागले. दोन-तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की ते स्वयंपाकघरातच राहतात. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, आत पलंगावर दोन उशा. त्यांना ते नको झालं असावं. ओट्याच्या बाजूला एक घडीची खाट ओढून आणली होती, आणि थंडी म्हणून तिच्या पायाशी विजेचा हीटर. वरच्या फळीवरची मक्याची मोठी काचेची बरणी खाली हीटरशेजारच्या स्टुलावर आली होती. डबी भरायला पूर्वी ताई होती, आता फळीपर्यंत हात नेण्याचा त्यांना कंटाळा. मी म्हटलं, "दाजी, आत पलंग आहे की." ते म्हणाले, "इथे ऊब आहे." मी जेवून आले होते, तरी मी आणलेली भाजी त्यांनी दोन वाट्यांत काढली. मग एक वाटी परत भांड्यात ओतली. एकच वाटी घ्यायची असते हे त्यांना अजून आठवावं लागत होतं.

पुढचं मला तुटक तुटक कळलं, ते असं.

आधी स्केटिंगच्या मैदानावरचं यंत्र. तक्रार किरकोळ होती, ढवळणी अडकायची. दाजींनी ती नीट केली, रीतीप्रमाणे डबीतला मका टाकला. दाणे तापले, लाल झाले, आणि सर कोसळलीच नाही. इकडे एक, तिकडे एक, तेही बारीक, टणक. बाकी सगळे गणंग. भांडं हळूहळू तापतं तेव्हा असंच होतं; वाफ जोर धरायच्या आधीच दाण्याच्या टोकाशी झिरपून जाते. तापमापक तर तापमान बरोबर दाखवत होता. पण तापमापक बिघडलेले दाजींनी खूप पाहिले होते, त्यांचा मका कधी बिघडला नव्हता. त्यांनी नवी कॉइल घातली. तरी तेच. त्यांनी मैदानवाल्याला सांगितलं, "मी पुन्हा येतो," आणि रात्रभर झोपले नाहीत.

मग पोहण्याच्या तलावावर तेच. आणि मग सिनेमागृहात.

ते सिनेमागृह त्यांचं सगळ्यात जुनं. तिथलं यंत्र त्यांनीच बसवलेलं. तिथल्या पॉपकॉर्नच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या दाजींच्या बरोबरीच्या, तोंडाने फटकळ. त्यांच्यासमोर दाजींनी मका टाकला, ऐकलं, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "हे गेलं. आता भंगारात काढा."

"काल तर चालत होतं हो!"

"शेवटचं चालत होतं."

दाजी निघून गेल्यावर मोठ्या बाईंनी काढून टाकायच्या आधी म्हणून आपल्या पोत्यातला मका भांड्यात ओतला. लाह्या इतक्या फुटल्या की यंत्राच्या काचेच्या पेटीचं दार उघडून जमिनीवर सांडल्या. त्यांनी हसत हसत कंपनीत फोन केला, "तुमच्या डबीवाल्यांनी ज्याला मेलेलं म्हटलं, ते उठून बसलंय." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण कंपनीच्या मालकाला हसू आलं नाही. हा मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. त्याने दाजींना बोलावून घेतलं आणि फार गोड बोलला. "काका, काकू गेल्यापासून तुम्ही एक दिवस घरी बसला नाहीत. आता बसा थोडे." दाजींनी हत्यारांची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. डबी तेवढी काढून घेतली.

त्या रविवारी मी गेले तर ते खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली, डबी मांडीवर. मला म्हणाले, "धाकटे, माझा कान गेला. हातही गेले. तीन यंत्रं मी चुकीची सांगितली. लोकांच्या चांगल्या वस्तू मी भंगारात काढायला निघालो होतो."

"असं होतं कधी कधी, दाजी."

"मला नाही होत." मग म्हणाले, "होत नव्हतं. आता हेही गेलं तर मी सकाळी उठून करायचं काय, ते मला सांग."

घरात दुसरं माणूस असतं तर त्याने विषय बदलला असता. इथे हीटरची बारीक घरघर आणि आम्ही दोघं. मला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी उठले, ताईचं छोटं पातेलं काढलं आणि म्हटलं, "जाऊ द्या. मला लाह्या खायच्यात. ताईची आठवण येतेय."

बरणीवर झाकण नुसतं टेकवलेलं होतं. मी मूठभर मका घेऊन तेलावर टाकला. वाट पाहिली. एक फुटला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग जळका वास यायला लागला. झाकण काढलं तर तळाशी काळपट गणंग आणि चार-दोन लाह्या, दातात अडकतील अशा.

दाजी मागे येऊन उभे राहिले होते. "बघ," ते म्हणाले, "आता गॅसही बिघडला म्हणायचा का?" त्यांनी ते चेष्टेने म्हटलं, पण त्यांचा चेहरा मला बघवेना.

आणि मला बरणी दिसली. म्हणजे इतका वेळ दिसतच होती, पण आता दिसली. हीटरच्या कुशीत, झाकण सैल. मी विचारलं, "दाजी, ह्यात शेवटचं पाणी कधी घातलं होतं?"

"पाणी? मक्यात? बुरशीचं दुकान काढायचंय का?"

"ताई घालायची ना."

त्यांनी बरणीकडे पाहिलं.

मी ते किती वेळा पाहिलं होतं! ताईच्या संध्याकाळच्या लाह्या जरा कमी फुगल्या, गणंग जास्त उरले, की ती नाक मुरडायची. "सुकलाय मेला." मग छोटा चमचाभर पाणी बरणीत टाकायची, झाकण फडक्याने घट्ट फिरवायची आणि बरणी कडेवर घेऊन बाळासारखी हलवायची. तीन-चार दिवस येता-जाता हलवायची. मग पुन्हा पातेलं चढवून चाखायची. झालं मनासारखं, की बरणी फळीवर, उन्हापासून, चुलीपासून लांब. त्याच बरणीतून सोमवारी सकाळी ती दाजींची डबी भरून पिशवीत ठेवायची. मला वाटायचं हे त्यांना ठाऊकच असेल. घरातली गोष्ट ती.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा दाजी खाटेवर बसले. मक्याच्या पोटातलं पाणी मला शिकवलं ते ह्याच माणसाने. दाणा फार वाळला तर वाफ धरत नाही, हे ते दुकानदारांना सांगत फिरायचे. पण आपल्या डबीतला मका वाळू शकतो, हे त्यांच्या मनात कधीच आलं नाही. तो कधी वाळलाच नव्हता ना.

"केव्हापासून करायची?"

"मला आठवतं तेव्हापासून."

"मला बोलली नाही."

"तुम्ही पेपर वाचत असायचा."

हे बोलून गेल्यावर मला वाटलं, नको होतं बोलायला. पण ते रागावले नाहीत. उठले, हीटर बंद केला, बरणी उचलून ओट्यावर ठेवली. "किती चमचा?"

"छोटा, भरून. आणि मी नाही करणार, तुम्हीच करा."

त्यांनी चमचा काठोकाठ भरला, थोडं पाणी बाहेर सांडलं. बरणी ओली झाल्यावर दाणे एकमेकांना आणि काचेला चिकटले. दाजी हलवत राहिले. ताई कडेवर घ्यायची. त्यांनी छातीशी धरली होती, कारण दुसरं कसं धरायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मी पाठ फिरवून पातेलं घासायला घेतलं.

बुधवारी मी फोन केला. म्हटलं, "काय म्हणतोय मका?"

"काल कुजबुजत होता. आज जरा खळखळला." मग म्हणाले, "धाकटे, घरात काहीतरी हलवायला आहे हे बरं आहे." आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." दाढी केलेली, स्वच्छ शर्ट, खांद्याला पिशवी नव्हती म्हणून एक हात उगाच लोंबकळत होता. दुसऱ्यात डबी. मी विचारलं, "घरी एकदा बघितलंत का फुटतो का ते?" ते म्हणाले, "नाही. बघायचं ते तिथेच."

सिनेमागृहात सकाळ होती. तोच झाडूचा आवाज, तेच लावलेले दिवे. मी पहिल्यांदाच त्यांचं काम त्यांच्या जागेवर पाहत होते. मोठ्या बाई खिडकीत नाणी लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "या डबीवाले! आज कुणाला मूठमाती द्यायला आलात?"

"मीच चुकलो होतो," दाजी म्हणाले. "हे यंत्र बरं होतं, माझा मका वाळला होता. तुम्हाला ते तोंडाने सांगायचं होतं. एकदा टाकून बघू द्याल?"

मोठ्या बाईंनी नाणी बाजूला सारली. त्यांनी यंत्राचं बटण दाबलं आणि बाजूला झाल्या.

भांडं तापलं. दाजींनी डबी उपडी केली आणि डोळे मिटले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले. मला माहीत आहे, मूठभर मक्यासाठी देवाला बोलवायचं नसतं, त्याला पुष्कळ कामं असतात. पण मी घेतलं. काही वेळ नुसतं तेल चरचरलं. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग एक फुटला, चोरासारखा. मग दोन-चार. आणि मग त्या काचेच्या पेटीत सर कोसळली.

दाजींनी शेवटचा दाणा विरेपर्यंत डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा म्हणाले, "भांडं बरोबर तापतंय. ढवळणीला तेलाचा थेंब लागेल." बस्स, एवढंच.

"कंपनीत मी फोन करते," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या पोराला सांगते की म्हातारा जिवंत आहे. आणि अहो, आता आलाच आहात तर पहिला खेळ बघून जा. इतकी वर्षं पाठ फिरवून जाता."

"नको," दाजी म्हणाले. "घरी जरा काम आहे."

बसथांब्यावर त्यांनी डबीचं झाकण दोनदा काढून पुन्हा लावलं. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "एक विचारू? खरं सांग. ती माझ्यासाठी करायची का ते? डबीसाठी?"

मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटत होतं. पण ताईच्या बाबतीत खोटं माझ्या जिभेवर येईना. "नाही, दाजी. तिला लाह्या कुरकुरीत लागायच्या. एवढंच होतं ते."

त्यांनी मान डोलावली. बस आली, गेली, ती आमची नव्हती.

"बरं झालं," ते म्हणाले.

"काय बरं झालं?"

"मी आठवडाभर बरणी हलवतोय आणि हाच विचार. मी घरी यायचो, जेवायचो, पेपर घ्यायचो. ती इतकी वर्षं माझी डबी सांभाळत राहिली आणि तिला त्यातून काय मिळालं? पण तिला लाह्या मिळत होत्या. रोज. तिच्या मनासारख्या." मग म्हणाले, "मजेत असायची ना गं ती तिथे, खिडकीशी?"

"खूप," मी म्हटलं. हे खरं होतं.

मालकाने त्यांना पुन्हा बोलावलं, पण रोज नाही. अडलं-नडलं तर. दाजी जातात, पुष्कळ दिवस जातही नाहीत. बरणी परत फळीवर गेली आहे, हीटर कोपऱ्यात. खाट मात्र अजून स्वयंपाकघरातच आहे. मी त्याबद्दल बोलायचं सोडून दिलंय.

परवा मी अवचित गेले, रविवार नव्हता. संध्याकाळ होती. दार नुसतं लोटलेलं. दाजी खिडकीशी ताईच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर पांढरा वाडगा. त्यांना मी आलेली कळली नाही. अजिबात न आवडणारी गोष्ट खाताना माणूस जसा खातो, तसे ते एक एक लाही सावकाश खात होते.

"दाजी, तुम्ही आणि लाह्या?"

ते दचकले. "तपासायला नको का? नाहीतर कळणार कसं, पाणी कधी घालायचं ते." आणि वाडगा माझ्यापुढे केला. "घे. एकट्यासाठी किती टाकायचा त्याचा अंदाज येत नाही अजून."

मी दोन लाह्या घेतल्या. छान फुगल्या होत्या, मीठही बारीक वाटलेलं. बाहेर अंधारायला लागलं होतं, म्हणून मी देवापुढे दिवा लावला आणि चपला घातल्या. ते उठले नाहीत. वाडग्याच्या तळाशी बोटाने काहीतरी शोधत होते. मी दार ओढून घेतलं आणि क्षणभर बाहेरच थांबले, ताई गेल्यावर सगळ्यात शेवटी निघताना थांबले होते तशी.

आतून कडाम् आवाज आला.